वारा फिरायच्या आत

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस लोणावळ्याजवळच्या कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग करणाऱ्याला भरभरून देतात आणि तेवढेच दमवतात. डिसेंबरात हवा सरळ वागते. फाल्गुनात पहाटे १२ अंश आणि दुपारी ३४ अंश असा फरक पडतो, आणि त्या फरकाबरोबर वाराही दिवसभरात तीनदा रूप बदलतो. सकाळी पूर्वेचा मंद वारा, भर दुपारी चहूकडून येणारे झोत, आणि उन्हं कलताना कोकणातून घाट चढून आलेला खारा वारा. म्हणून आम्ही उडायला किती वाजता जायचं हे आधी ठरवत नाही. वारा साधारण किती वाजता फिरेल हे आधी ठरवतो आणि तिथून उलटं मोजत दिवस मांडतो.

आदल्या रात्री मोबाइलवर हवामानाचे मोजकेच आकडे पाहायचे. जमिनीलगतचा वारा, साधारण १५०० मीटरवरचा वारा, दुपारचं कमाल तापमान आणि दवबिंदू. शेवटच्या दोन आकड्यांतून थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा, कुठवर नेईल याचा अंदाज बांधता येतो. तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि उत्तराला १२५ ने गुणायचं. ३४ मधून १४ गेले, उरले २०, म्हणजे जमिनीपासून सुमारे २५०० मीटरवर ढगाचा तळ. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला असेल, तर ढग धरतच नाहीत, थर्मल कोरडे राहतात आणि ते कुठे आहेत हे आकाशात दिसत नाही. मार्चमधले बरेच दिवस असेच निळे जातात.

१५०० मीटरवरचा आकडा मात्र सर्वांत जपून वाचावा. तिथे पूर्वेचा वारा ताशी २० किलोमीटरच्या वर असेल, तर तो खाऱ्या वाऱ्याला घाटमाथ्यावर अडवून धरतो. वरवर पाहता हे बरं वाटतं, सकाळचा वेळ लांबतो. पण अडवलेला वारा सुटतो तेव्हा जोरात सुटतो, आणि दोन वारे जिथे भिडतात तिथली हवा खवळलेली असते. हाच आकडा ताशी २५ च्या पुढे गेला, तर आम्ही विंग, म्हणजे पॅराग्लायडरचं छत, घेऊन जातो ती फक्त माळावर सराव करायला.

रात्रीच सामान पसरून बघायचं. विंग, हार्नेस म्हणजे बसायची पट्ट्यांची बैठक, रिझर्व्ह म्हणजे आणीबाणीचं पॅराशूट, आणि हेल्मेट मिळून १५ ते २० किलो होतात. कपडे, पाणी आणि हे सगळं धरून आपलं एकूण वजन विंगवर छापलेल्या मर्यादेत बसलं पाहिजे. उन्हाळी उड्डाणांसाठी ते मर्यादेच्या मधल्या भागाच्या जरा वरच्या बाजूला असलेलं चांगलं, कारण हलकी भरलेली विंग उकळत्या हवेत लवकर मिटते. रिझर्व्हची पिन पूर्ण आत गेली आहे ना, हँडल सहज निघतं ना, हे हाताने पाहायचं. सहा महिने ते वर्षाच्या आत रिझर्व्ह उघडून, हवा लावून पुन्हा घडी घालावा लागतो, आणि पावसाळ्यात ट्रंकेत दमट राहिलेला रिझर्व्ह तर मोसमाच्या आधीच उघडलेला बरा. व्हेरिओ (चढ-उतार आवाजाने सांगणारं यंत्र) आणि वॉकी-टॉकी चार्जिंगला लावायचे. पाणी माणशी तीन लिटर.

सकाळी आठला डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलं की पवन मावळात धुराचा एक सपाट पट्टा तरंगताना दिसतो. चुलींचा धूर वर जाता जाता एका उंचीवर थांबतो आणि आडवा पसरतो. तोच तो झाकणासारखा बसलेला उबदार हवेचा थर. जोवर हा पट्टा सुरीने कापल्यासारखा सपाट आहे, तोवर थर्मल नाही. साडेनऊ-दहाला त्याची वरची कड विस्कटू लागते. त्या वेळी पूर्वेकडच्या उतारावर, आपापल्या जागी तयार असावं.

या डोंगरांची घडण लक्षात घेतल्याशिवाय वारा समजत नाही. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे, म्हणून माथा सपाट, मग कडा, मग उतार, पुन्हा कडा अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना. गोल उतारावरून वारा अंगाला चिकटून वर चढतो. कड्याला मात्र तो धडकतो, उसळतो, आणि कड्याच्या ओठामागे सपाटीवर उलटा फिरतो. या उलट्या भोवऱ्याला आम्ही रोटर म्हणतो. त्यामुळे कड्याच्या काठापासून दहा-पंधरा मीटर मागे उभं राहिलं, तर हातातली फीत चक्क दरीकडे उडते आणि नवख्याला वाटतं की वारा पाठीमागून आहे. टेक-ऑफसाठी आम्ही नेहमी सोंडेचा गोलावा शोधतो, कडा नाही. दोन माथ्यांमधल्या खिंडीतही थांबायचं नाही, तिथून वारा नळीतून निघावा तसा जोर धरतो.

टेक-ऑफला पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटं विंग पिशवीतच राहते. कारवीच्या एका सुक्या काठीला हातभर रेशमी फीत बांधून ती उतारावर रोवायची आणि घड्याळ लावून बसायचं. फीत पडते, उचलते, सरळ ताठ होते, फडफडते, पुन्हा पडते. हे एक आवर्तन साधारण किती मिनिटांचं आहे ते मोजायचं. वाऱ्याचा मीटर असेल तर दहा मिनिटांतला कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेग नोंदवायचा. ताशी १२ ते १८ किलोमीटरच्या मध्ये खेळणारा वारा उत्तम. ८ वरून २२ वर उड्या मारणारा वारा सरासरीने तेवढाच भरतो, पण तो उडण्याचा नव्हे. दोन टोकांत दहाहून जास्त फरक पडायला लागला की आम्ही थांबतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १५ चा ३० झाला तर विंगवरची ओढ चौपट होते, हे टेक-ऑफवर पाय घसरताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

फितीशिवायही निरोप देणारे पुष्कळ असतात. समोरच्या डोंगरावर वणवा लागला असेल, तर त्याचा धूर कुठे वाकतो आणि कोणत्या उंचीवर दिशा बदलतो ते पाहावं. वणव्याने करपलेला काळा उतार तासाभरात शेजारच्या पिवळ्या गवतापेक्षा खूप तापतो आणि थर्मल तिथून सुटतात. पेटत्या वणव्यावर मात्र जाऊ नये, ती हवा फार हिंसक असते. घारी पंख न हलवता फिरू लागल्या की दिवस सुरू झाला. त्या पंख मारत असतील तर आपल्याला काहीच मिळणार नाही, बसून राहावं. आणि समोर भाताच्या रिकाम्या खाचरातून वावटळ उठताना दिसली, तर ओरडून सगळ्यांना सांगायचं आणि उघडी विंग गोळा करून तिच्यावर अंग टाकायचं. हार्नेस जोडलेला असताना वावटळीत उघडी विंग सापडली, तर माणूस जमिनीवरून उचलला जाऊन आपटतो. म्हणून आमच्यात एक नेम आहे, विंग पसरली की लगेच उडायचं, नाहीतर गुंडाळून ठेवायची.

आता विंग पसरायची. या दिवसांत ही साधी गोष्ट सर्वांत जास्त वेळ खाते, कारण सगळा उतार वाळलेल्या कुसळीने भरलेला असतो. कुसळाचं टोक सुईसारखं, मागे पीळ असलेला तूस. ते लाइनींच्या, म्हणजे विंगच्या दोऱ्यांच्या, विणीत रुततं, दोन लाइनी एकमेकींत गुंफतं, आणि कापडातून आत शिरलं की आतल्या कप्प्यात फिरत राहतं. एक मिलिमीटर जाडीच्या लाइनीवर बसलेली कुसळांची गाठ वरून दिसतच नाही. म्हणून प्रत्येक बाजूच्या लाइनी रायझरपासून (लाइनी हार्नेसला जोडणारे पट्टे) वरपर्यंत बोटांच्या चिमटीतून सरकवत न्यायच्या. बोट अडलं की थांबायचं, गाठ हाताने सोडवायची. झटका देऊन सोडवू पाहिलं तर विंग वर गेल्यावर एक कोपरा दुमडलेला राहतो आणि ती सतत एका बाजूला ओढते. करवंदीच्या जाळीशेजारी तर विंग पसरूच नये. काटा कापडात गेला की फाटण्याआधी हाताने मागे काढता येतो, ओढत काढला की वीतभर चीर.

विंग घोड्याच्या नालेच्या आकारात मांडायची, मधला भाग उतारावर वर, टोकं खाली. मग मधले कप्पे आधी भरतात आणि विंग सरळ वर येते. त्यानंतर दर वेळी त्याच क्रमाने तपासणी: हेल्मेटचा पट्टा, दोन्ही पायांचे पट्टे, छातीचा पट्टा, दोन्ही कॅराबिनर (रायझर अडकवायच्या कड्या) बंद आणि लॉक, रिझर्व्हची पिन, रायझरला पीळ नाही, स्पीड बार (पायाने दाबून वेग वाढवायची दांडी) जोडलेला, लाइनी मोकळ्या, वारा, समोरचं आकाश रिकामं. पायांचे पट्टे राहून जाणं ही या खेळातली सर्वांत क्रूर चूक आहे, आणि ती अनुभवी माणसाकडूनच होते, कारण तो मध्येच कुणाला मदत करायला उठतो. तपासणी मध्ये तुटली तर पहिल्यापासून पुन्हा.

वारा असल्याने विंगकडे तोंड करून उचलायचं. ए रायझर, म्हणजे सर्वांत पुढचे, मधोमध धरून हलका ताण द्यायचा, विंगची भिंत उभी राहते. या भिंतीत सगळं दिसतं: कुठला कप्पा भरला नाही, कुठे काडी अडकली आहे, कोणती बाजू आधी उठते. आवर्तनात वारा वाढू लागतो त्याच क्षणी उचलायचं, भर झोतात नाही. विंग वर येताना एक-दोन पावलं तिच्याकडे चालत जायचं, म्हणजे ओढ कमी होते. डोक्यावर येण्याच्या जरा आधी ए सोडून ब्रेकने (विंगची मागची कड ओढणाऱ्या दोऱ्यांनी) थोपवायचं, नाहीतर ती पुढे निघून जाते आणि समोरची कड मिटते. मग ठरवलेल्या बाजूने वळायचं, छाती पुढे टाकायची, पळायचं. चुकीच्या बाजूने वळलं तर रायझरला पीळ पडतो आणि ब्रेक अडकतात. विंग माणसाला फरफटत नेऊ लागली तर मागचे सी रायझर ओढायचे. घाबरून दोन्ही ब्रेक अर्धे ओढून धरले तर ती आणखी जोर करते.

आणखी एक: वारा अचानक पूर्ण पडला, मग हळूच पाठीमागून आला, तर समोरून नुकताच एक मोठा थर्मल सुटलेला असतो आणि तो आजूबाजूची हवा ओढून घेत असतो. घाई करणारे नेमके याच वेळी पळत सुटतात. दोन मिनिटं थांबावं, वारा परत समोरून येतो. दुपारची गरम हवा विरळही असते. ९०० मीटर उंचीवर ३५ अंशांत तीच विंग उचलायला समुद्रसपाटीवरच्या गार हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त वेग लागतो, म्हणून दोन पावलं जास्त पळायची तयारी ठेवावी.

हवेत गेल्यावर सुरुवातीला उताराला समांतर आठाच्या आकड्यात फेऱ्या. वळण नेहमी डोंगरापासून बाहेर. समोरासमोर आल्यावर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला मार्ग. व्हेरिओ टुणटुणत राहिला आणि उताराच्या वर किमान ५० मीटर मिळाले की मगच पूर्ण गिरक्या. त्याआधी घेतलेली गिरकी मागच्या अर्ध्यात डोंगरावर नेते. थर्मलमध्ये आधी जो फिरतोय त्याची दिशा सगळ्यांची दिशा.

फेब्रुवारीत साडेदहा-अकराचे थर्मल सेकंदाला एक-दीड मीटर चढवतात, ते मऊ असतात. मार्चच्या मध्याला साडेबाराचा थर्मल सेकंदाला चार मीटरने वर नेतो आणि त्याची कड अरुंद असते. आत जाताना विंग मागे राहते, बाहेर पडताना पुढे झेपावते, आणि त्या कडेवर एक बाजू मिटू शकते. मिटली तर आधी दिशा. उघड्या बाजूला वजन टाकायचं, त्या बाजूचा ब्रेक लागेल तेवढाच घेऊन डोंगरापासून दूर सरळ उडायचं, मग मिटलेल्या बाजूचा ब्रेक एकदा लांब, खोल ओढून सोडायचा. वर्ग ए किंवा बी ची (सोप्या, स्थिर वर्गांतली) विंग बहुतेक वेळा याच्या आधीच उघडलेली असते. बिघडतं ते हाताने: घाबरून उघड्या बाजूचा ब्रेक खोल ओढला की तीही उडायची थांबते. आणि गिरक्या वाढत चालल्या, खाली १०० मीटर उरले नाहीत, तर रिझर्व्ह. तिथे विचार करायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक उड्डाणात एकदा हात हँडलवर नेऊन परत आणायची सवय ठेवावी.

साधारण दीडनंतर लक्ष पश्चिमेकडे. मावळतीकडचा मुलूख म्हणून मावळ, आणि वाराही तिथूनच फिरतो. लोणावळ्याच्या बाजूची हवा आधी दुधट होते, डोंगरांच्या कडा पुसट होतात. पवना धरणाच्या पाण्यावर पश्चिम टोकाकडून खडबडीत गडद पट्टा सरकू लागतो. आपल्याखाली मात्र फीत अजून पूर्वेकडचा वारा दाखवत असते. त्या दोन्हींच्या मध्ये एक रेघ असते आणि त्या रेघेवर कुठेही गेलं तरी चढायला मिळतं. मोह मोठा असतो, सगळं आकाश वर उचलतंय असं वाटतं. पण रेघ आपल्यावरून गेली की पाच-दहा मिनिटांत पूर्वेचा उतार वाऱ्याच्या आडोशाला जातो, आणि मघाशी जो उतार वर नेत होता तिथेच रोटर खाली दाबतो. म्हणून पाण्यावरचा पट्टा अर्ध्यावर आला की आम्ही डोंगर सोडून मोकळ्या खाचरांवर निघतो, उंची कितीही असो. उतरायचंच असेल आणि हवा उचलतच असेल, तर विंगचे दोन्ही कान, म्हणजे टोकं, दुमडून स्पीड बार दाबायचा. कान दुमडल्याने उंची जाते, बारमुळे पुढचा वेग टिकतो.

भर दुपारचं लँडिंग हा या दिवसांतला सगळ्यांत अवघड भाग. तापलेलं खाचर स्वतःच थर्मल सोडतं आणि शेवटच्या तीस मीटरांत वारा दिशा बदलू शकतो. भात कधीच निघालेलं असतं, म्हणून खाचरं रिकामी मिळतात, पण दर वीस-पंचवीस पावलांवर बांध. बांधाला समांतर उतरता आलं तर पाय वाचतात. हरभरा, गहू उभा असेल ते शेत सोडायचं, तिथे शेतकऱ्याच्या वर्षाचं पीक आहे. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालायचं. शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत वारा एकदम कमी होतो, तेव्हा विंगचा वेग टिकवून यावं, ब्रेक पूर्ण ओढायचे ते पाय टेकताना. त्याआधी ओढले तर दोन मीटरवरून सरळ खाली आपटायला होतं, घोटे आणि कंबर तिथेच जातात.

उतरल्यावर सावलीत बसायचं, जेवायचं. चारनंतर टॉवर हिलकडे, कारण ती टेकडी पश्चिमेला तोंड करून आहे आणि खारा वारा तिला थेट लागतो. हा वारा दमट, थंड आणि एकसारखा. पण तो साडेचारला १५ असला तरी पाचला २५ होऊ शकतो. आपल्या विंगचा साधा वेग ताशी ३७ च्या आसपास असतो, आणि माथ्यावर वारा दाबला जाऊन आणखी वाढतो. पुढे सरकणं मंदावलं, जमिनीवरची झुडपं मागे जाईनाशी झाली, तर लगेच स्पीड बार दाबून दरीकडे पुढे निघायचं, माथ्याकडे रेलायचं नाही. वारा सुसह्य राहिला तर सूर्य टेकताना संपूर्ण दरी तापल्याची ऊब हळूहळू सोडते. तेव्हाची लिफ्ट रुंद, गुळगुळीत, हात न लावता वर नेणारी असते, आणि खाली लाल पळस एकेक करून सावलीत जाताना दिसतात.

अवकाळीचा दिवस याला अपवाद. सकाळीच मधल्या उंचीवर बुरुजांसारखे छोटे ढग उभे दिसले, हवा घामट वाटली, तर दुपारपर्यंत उंच ढग उठणार असं समजून चालावं. गडगडाट तीस किलोमीटरवर ऐकू येत नाही, पण तिथल्या पावसाने खाली ढकललेली थंड हवा तेवढं अंतर कापून आपल्यापर्यंत पोहोचू शकते. ती येताना समोर धुळीची भिंत दिसते आणि वारा दहावरून पन्नासवर जातो. कोणत्याही ढगाचा माथा फुलकोबीसारखा उंच वाढत असेल, तर आम्ही हवेत नसतो.

शेवटी घडी. विंग उन्हात पसरून ठेवायची नाही, अतिनील किरणांनी कापड जुनं होतं आणि त्यातून हवा झिरपू लागते. मागची कड उचलून प्रत्येक कप्पा झटकायचा. माती, गवत, कधी एखादा नाकतोडा बाहेर पडतो. तो आत मेला तर कापडावर डाग पडतो. कप्प्यावर कप्पा येईल अशी सैल घडी घालायची, तापलेल्या गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवायची नाही. घरी गेल्यावर मोजे आणि हार्नेसच्या पट्ट्यांमधली कुसळं चिमट्याने काढायची आणि वहीत दिवस नोंदवायचा: वारा किती वाजता फिरला, त्याच्या आधी पाण्यावर पट्टा किती वाजता दिसला, त्या दिवशी १५०० मीटरवर किती वारा होता. पुढच्या फेब्रुवारीत आदल्या रात्री हेच रकाने समोर ठेवून निघण्याची वेळ ठरते.